चालक शंभर, वाहक एक

आमचे दत्तूमामा एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झाले. बत्तीस वर्षांची नोकरी, त्यातली निम्मी कराड–चिपळूण गाडीवर. त्यामुळे जगातल्या कुठल्याही विषयावर मामांचं मत विचारा, ते कुंभार्ली घाट चढून-उतरूनच तुमच्यापर्यंत पोचतं. ऑगस्टात ते डोळे तपासून घ्यायला आमच्याकडे मुंबईला आले, आणि नेमके त्याच आठवड्यात आमचे साहेब परगावी गेल्यामुळे एनसीपीएतल्या कार्यक्रमाचे दोन पास माझ्या टेबलावर येऊन पडले. बायको म्हणाली, "दोन तास न बोलता बसायचंय? त्यापेक्षा मी इथंच बसते." उरले मामा.

"कसला कार्यक्रम?"

"ऑर्केस्ट्रा."

मामांचा चेहरा खुलला. त्यांच्या डोळ्यांपुढे गणपतीतला ऑर्केस्ट्रा उभा राहिला असणार. किशोरकुमारच्या आवाजात गाणारा, चकचकीत कोटातला कुणीतरी, दर दोन गाण्यांमध्ये शेर टाकणारा निवेदक आणि तिसऱ्या रांगेतून वन्स मोअर. मी घाईघाईने म्हणालो, "तसला नाही, मामा. शंभर वादक, विलायती संगीत. गायक नाही, निवेदक नाही. समोर एक कंडक्टर उभा असतो, बस."

"कंडक्टर?" मामांनी खुंटीवरची टोपी काढली. "मग यायलाच पायजे."

आम्ही पोचलो तेव्हा मंचावर वादक येऊन बसले होते आणि जो तो आपापलं वाजवून पाहत होता. चेलो, बासरी, तुतारीच्या कुळातली चकचकीत पितळी वाद्यं, सगळ्यांचा मिळून कल्लोळ. मामा कानाशी लागले, "स्टँडवर गाड्या चालू करून ठेवल्यात." मग ओबो नावाच्या सनईच्या चुलतभावाने एक लांब सूर धरला आणि सगळ्यांनी आपली वाद्यं त्या सुराला लावून घेतली. आपल्याकडे एक तबला जुळायला लागतो त्याहून कमी वेळात शंभर जणांचं जुळलं. शांतता झाली. आणि काळा शेपटीवाला कोट घातलेला एक गृहस्थ बाजूच्या दारातून झपझप चालत आला, पहिल्या व्हायोलिनवाल्याशी हस्तांदोलन केलं, आम्हाला लवून नमस्कार केला आणि आमच्याकडे पाठ करून चौथऱ्यावर उभा राहिला.

"पाशिंजराकडं पाठ?" मामा दचकले. मग क्षणभर विचार करून म्हणाले, "बरोबर हाय त्येचं. चालक शंभर, वाहक एक. लक्ष तिकडंच पायजे."

ह्या माणसाची गंमत अशी, की सबंध मंचावर आवाज न करणारा तो एकटाच. बाकी प्रत्येकाच्या हातात काहीतरी वाजणारं. अगदी मागे उभा राहून कार्यक्रमात दोनदाच झांज आपटणारा माणूससुद्धा निदान दोनदा वाजतो. याच्या हातात वीतभर लांबीची छडी, आणि ती कशावर आपटली तर उलट चूक. तरी जाहिरातीत त्याचं नाव सगळ्यांत मोठं, मानधन बहुधा सगळ्यांत जास्त आणि पहिल्या टाळ्याही त्यालाच. काम इतर करणार, हातवारे आपण करायचे आणि श्रेय पदरात घ्यायचं, हा व्यवसाय मराठी माणसाच्या हातून सुटलाच कसा, याचं मला फार दिवस नवल वाटत होतं. आमच्या सोसायटीत कोणी गाडी मागे घेऊ लागला, की "येऊ द्या, येऊ द्या, थोडी डावी मारा" म्हणणारे पाच जण कुठून तरी उगवतात. लग्नाच्या मांडवात तर हाच माल जास्त.

पुढे ध्यानात आलं, की आपल्या संगीतात हे पद रिकामं नाही. ते श्रोत्यांनी वाटून घेतलंय. बैठकीत पुढच्या रांगेकडे बघा. प्रत्येकाचा हात मांडीवर पडतोय, बोटांची पेरं मोजली जातायत, सम आली की मुंडकी एकदम हलतात. एखाद्या आजोबांची मुंडी अर्धी मात्रा आधी हलली, तर शेजारचे आजोबा त्यांच्याकडे चष्म्यावरून बघतात. आपल्याकडे कंडक्टर चारशे आणि वादक तीन. तिकडे उलट. हलण्याचा हक्क एकाच माणसाला, बाकी सभागृहाने पुतळा होऊन बसायचं.

त्या दिवशी बेथोवेनची पाचवी सिम्फनी होती. तिचे पहिले चार सूर, तीन आखूड आणि एक लांब, ज्याने जन्मात विलायती संगीत ऐकलं नाही त्याच्याही कानावरून कधीतरी गेलेले असतात. पण त्यांच्याही आधी काय असतं, ते ऐकू येत नाही म्हणून कुणाला ठाऊक नसतं. त्यांच्या आधी शांतता असते, अर्ध्या मात्रेची, आणि तीही रीतसर लिहिलेली. आपल्या भाषेत सांगायचं, तर समेवर कोणीच काही वाजवायचं नाही. कंडक्टरने आपला ठोका त्या रिकाम्या जागेत टाकायचा आणि त्याच्यापुढच्या अर्ध्या मात्रेवर सगळ्या तारवाद्यांनी मिळून एका झटक्यात तुटून पडायचं. एक व्हायोलिन जरी केसभर पुढेमागे झालं, तर शोभा झालीच. अख्खं जग ओळखतं तो आरंभ, आणि तो एका न वाजणाऱ्या ठोक्यावर उभा.

छडी वर गेली, खाली आली. काही नाही. आणि मग वीज पडली.

"बेल दिली!" मामा उत्साहात जरा मोठ्यानेच बोलले. शेजारच्या पारशी बाईंनी पाहिलं. मामांनी आवाज उतरवला आणि मला तीन वाक्यांत अशी गोष्ट समजावली, जी मी त्याआधी एका जाडजूड पुस्तकात वाचून सोडून दिली होती. "आरं, डबल बेल गाडी हलताना देत न्हाईत. शेवटच्या माणसाचा पाय पायरीवर पडला की देत्यात. मग ड्रायव्हर क्लच सोडतो, मग हिसका बसतो." कंडक्टरचा हात आवाजाच्या बरोबर नसतोच, तो आवाजाच्या आधी असतो. मंचावर जे ऐकू येतंय, ते त्याच्या दृष्टीने केव्हाच मागे पडलेलं गाव.

पहिला भाग दणक्यात संपला आणि मी टाळ्या वाजवल्या. एकट्याने. सिम्फनीचे चार भाग असतात आणि चौथा संपेपर्यंत हात आवरायचे असतात, हे मला वाचून ठाऊक होतं. पण वाचलेलं आणि हात यांचा संबंध नसतो. तीन रांगांनी मागे वळून पाहिलं. "मधल्याच स्टॉपला उतराय निघालास," मामा म्हणाले. त्या अवघड क्षणी खोकल्याने मला वाचवलं. दोन भागांमधल्या त्या फटीत सगळं सभागृह साठवून ठेवलेला खोकला बाहेर काढतं. बारीक, घोगरा, दम्याचा, निव्वळ दुसऱ्याला आला म्हणून आलेला. छडी हलली, की पुढचा भाग होईतो सगळे ठणठणीत.

मामांना वेगळीच काळजी लागली होती. मागे पितळी ट्रॉम्बोन मांडीवर घेऊन तीन माणसं बसली होती आणि दोन भाग झाले तरी त्यांनी फुंकर म्हणून मारली नव्हती. "ही तिघं फुकट बसल्यात. चेकिंग आलं तर?" मी त्यांना सांगू शकलो नाही, की या सिम्फनीत ट्रॉम्बोनला तीन भाग कामच नाही. चौथ्यात ती तिघं उठतात आणि छप्पर उचलतात. ती जागा जवळ आली तेव्हा मी मुद्दाम कंडक्टरकडे पाहत होतो. दोन्ही हात व्हायोलिनांत गुंतलेले असताना त्याने नुसती मान उचलून त्या तिघांकडे पाहिलं, जरा आधीच. तिघांनी ट्रॉम्बोन ओठाला लावले. मग प्रकाश पडावा तसा तो सूर आला. अर्धा तास मुकाट बसलेल्या माणसाला "तू आहेस, मला ठाऊक आहे" एवढंच त्याने नजरेने सांगितलं होतं. मामा पुढे झुकून बसले होते. घाटाच्या तोंडाशी झोपलेल्या म्हातारीला "आजे, तुझं गाव आलं" म्हणून उठवणारा माणूस ते होते. त्यांना कोणी काही समजवायची गरज नव्हती.

शेवटी टाळ्या. ह्या वेळी सगळ्यांनी वाजवल्यामुळे मीही बिनधोक वाजवल्या. कंडक्टर आमच्याकडे वळला, घामाने निथळत होता. पण त्याने टाळ्या स्वतःकडे ठेवल्या नाहीत. हाताने खूण करून आधी ओबोवाल्याला उभं केलं, मग शिंगवाल्यांना, मग त्या तिघांना, मग सगळ्यांना. "बघ," मामा म्हणाले, "दिवसभराचं कलेक्शन पै न् पै भरलं."

परतीच्या बसमध्ये मामांनी माझी परीक्षा घेतली. हे पद निघालं कधी? मी म्हणालो, पूर्वी पहिला व्हायोलिनवाला किंवा हार्पसिकॉर्डपाशी बसलेला माणूस वाजवता वाजवताच इतरांना सांभाळून घ्यायचा. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारी ल्युली नावाचा संगीतकार होता, तो जड काठी जमिनीवर आपटून ताल द्यायचा. १६८७ च्या जानेवारीत राजा दुखण्यातून उठला म्हणून मोठं स्तोत्रगान झालं, त्यात ल्युलीने काठी जमिनीऐवजी स्वतःच्या पायाच्या बोटावर हाणली. जखम चिघळली. वैद्य म्हणाले पाय कापू. पण ल्युली नाचणाराही होता, तो म्हणाला नको. मार्चमध्ये गेला.

"ड्यूटीवर गेला," मामांनी टोपी काढून पुन्हा घातली. "वारसाला नोकरी लागली असंल."

मग तोस्कानिनी. १८८६ साली एक इटालियन ऑपेरा कंपनी दौऱ्यावर रिओ दि जानेरोला गेली होती. कंडक्टर भांडून निघून गेला, बदली माणसाला प्रेक्षकांनी हुर्यो करून उतरवलं. तेव्हा चेलो वाजवणाऱ्या एका एकोणीस वर्षांच्या पोराला चौथऱ्यावर ढकललं. त्याने समोरची वही मिटली आणि व्हेर्दीचा अख्खा 'आईदा' पाठ चालवला. पुढे जन्मभर तो तसाच उभा राहिला. डोळे अधू, वही दिसायची नाही, म्हणून सगळं पाठ. प्रेक्षकांकडे पाठ आणि संगीतही पाठ. मराठीत ही दोन्ही कामं एकाच शब्दात भागतात, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. त्याचा संताप मात्र जगप्रसिद्ध. तालमीत सूर चुकला, की छडीचे तुकडे आणि वादकांच्या घराण्याचा उद्धार.

"आनि समजा ठेवलाच न्हाई कंडक्टर?" मामांनी मुद्द्यावर बोट ठेवलं. आम्ही बसलो होतो त्या गाडीतही वाहक नव्हता, आणि ते दुःख मामांना स्टॉपपासूनच सलत होतं.

तेही झालंय, म्हटलं. क्रांतीनंतर मॉस्कोत लोकांना वाटलं, कामगारांच्या राज्यात एकाने चौथऱ्यावर उभं राहून बाकीच्यांना हुकूम का सोडावेत? १९२२ साली त्यांनी पेर्सिमफान्स नावाचा कंडक्टरविना ऑर्केस्ट्रा काढला. वादक एकमेकांची तोंडं दिसतील असे गोल करून बसायचे, काहींची पाठ प्रेक्षकांकडे. जे एका छडीने सांगायचं, ते तालमीत चर्चा करून ठरवायचे. वाजवायचे उत्तम, पण एक सिम्फनी बसवायची म्हणजे आमच्या सोसायटीची वार्षिक सभाच. १९३२ मध्ये तो बंद पडला.

"विनावाहक, विनाथांबा," मामा समाधानाने म्हणाले. "धा वर्सं टिकलं, लई झालं. आपल्यातला कोन झालाय का ह्यात?"

झालाय की. झुबिन मेहता, २९ एप्रिल १९३६ चा, मुंबईचाच जन्म. वडील मेहली मेहता व्हायोलिन वाजवायचे आणि मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा करून बसले होते. घरात दिवसरात्र तालमी. आईचं म्हणणं कुठल्याही आईचं असतं तेच. वाजवणं घरात एकाने केलं तेवढं पुरे, तू डॉक्टर हो. मुलगा सेंट झेवियर्समध्ये दोन वर्षं त्या वाटेला गेला आणि १९५४ साली, अठराव्या वर्षी, चिरफाड सोडून व्हिएन्नाला निघून गेला. धाकट्या भावाने, झरिनने, हिशेबनिशीचा अभ्यास करून आईची बाजू राखली. पुढे तोही न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा कारभार बघायला बसला. म्हणजे एका भावाने छडी धरली आणि एकाने खातेवही. पारशी घराण्यात काही वाया जात नाही.

व्हिएन्नात झुबिनने हान्स स्वारोव्स्की या गुरूकडे शिक्षण घेतलं, पोटासाठी आणि सरावासाठी माणसाच्या उंचीचं डबलबेस वाजवलं. पण मोठ्या कंडक्टरांच्या तालमींना विद्यार्थ्यांना आत सोडत नसत. मग त्याने आणि त्याच्याबरोबर शिकणाऱ्या क्लाउडिओ अब्बादोने युक्ती केली. दोघे समूहगायनात भरती झाले. गाणाऱ्यांना मागच्या पायऱ्यांवर उभं करतात, आणि तिथून ब्रूनो वॉल्टर, कारायान अशा माणसांचा चेहरा समोरून दिसतो. प्रेक्षकाने शंभर वर्षं तिकीट काढलं तरी त्याला पाठच दिसणार. चेहरा बघायचा तर त्यांच्या बाजूला जाऊन उभं राहावं लागतं.

१९५८ साली लिव्हरपूलची कंडक्टरांची स्पर्धा जिंकला. मग मॉन्ट्रियलचा ऑर्केस्ट्रा. तेवढ्यात लॉस एंजेलिसला गंमत झाली. तिथल्या ऑर्केस्ट्रावर जॉर्ज शोल्टी या बड्या माणसाची नेमणूक झाली होती, पण तो रुजू होण्याआधीच, त्याला न विचारता, कारभाऱ्यांनी मेहतांना त्याच्या हाताखाली नेमलं. शोल्टी रागावला आणि राजीनामा देऊन मोकळा झाला. असिस्टंट म्हणून आलेला पोरगा १९६२ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, मुख्य झाला.

"डेपो मॅनेजर यायच्या आत क्लार्काला खुर्ची!" हा प्रसंग मामांना मनापासून आवडला. त्यांनी असले दोन प्रसंग पाहिले होते आणि दोन्हींत ते क्लार्काच्या बाजूचे नव्हते.

पुढे न्यूयॉर्कला तेरा वर्षं, इस्राएलच्या ऑर्केस्ट्राशी पन्नास वर्षांचं नातं. तिथे तर १९८१ मध्ये तहहयात नेमणूक. एवढं जग फिरला, पण जेवणाचं कुठे जमलं नाही. कुठल्याही राजवाड्यात मेजवानी असो, खिशातल्या डबीतून मिरची निघायची आणि वाढलेल्या त्या सौम्य, शाही पदार्थावर पडायची. आणि २०२३ च्या ऑगस्टात, सत्त्याऐंशीव्या वर्षी, मुंबईला येऊन आपल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियापुढे त्याने छडी धरली. मी म्हणालो, "मामा, यांना निवृत्ती ठाऊकच नाही. स्टोकोव्स्की नावाच्या एकाने चौऱ्याण्णवाव्या वर्षी रेकॉर्ड कंपनीशी सहा वर्षांचा करार केला होता."

"आमाला अठ्ठावन्नला नारळ," मामा म्हणाले. जरा वेळाने विचारलं, "आजचं ज्यानं रचलं, तो सोता उभा राहायचा का रं?"

राहायचा. पण कान गेले होते. नववी सिम्फनी व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली, ७ मे १८२४ ला, तेव्हा बेथोवेन मंचावर उभं राहून ताल देत होता. मात्र वादकांना आधीच सांगून ठेवलेलं होतं, की त्याच्याकडे बघू नका, शेजारी उमलाउफ नावाचा कंडक्टर उभा आहे, त्याच्या हाताकडे बघा. संगीत संपलं, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि ह्याची पाठ प्रेक्षकांकडे. एका गायिकेने दंडाला धरून वळवलं, तेव्हा त्याला त्या टाळ्या दिसल्या.

यावर मामा काही बोलले नाहीत. मामी एकदा मला सांगत होती, अजूनही सकाळी चहा झाला की ते स्टँडवर जातात आणि एखादी गाडी फलाटाला मागे लागत असली की पाठीमागे उभे राहून हात करतात. ड्रायव्हर आरशात नव्या वाहकाकडे बघतो. गाडी नीट लागते. मामा घरी येतात.

गणपती महिन्यावर होते आणि डोळ्यांच्या थेंबांमुळे मामांचा मुक्काम लांबला. आमच्या सोसायटीची आरती म्हणजे पेर्सिमफान्सचीच शाखा. टाळ एका लयीत, टाळ्या दुसऱ्या, 'ए' विंगचं कडवं संपतं तेव्हा 'बी' विंग धृपदावर असते, आणि शेवट जवळ आला की सगळे प्रसादाच्या दिशेने पळत सुटतात. विलायती संगीताचा ताजा अनुभव गाठीशी असल्याने पहिल्या दिवशी मी पुढाकार घेतला. मूर्तीकडे पाठ नको म्हणून बाजूला उभा राहिलो आणि हातातल्या उदबत्तीने ताल देऊ लागलो. दुसऱ्याच कडव्याला जळता तुकडा सेक्रेटरींच्या रेशमी कुडत्यावर पडला. ल्युलीच्या मानाने थोडक्यात निभावलं. आरतीवर काडीचा परिणाम झाला नाही. त्यांनी मला पाहिलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही त्यांना पाहिलं नव्हतं. मी माझा हात बघत होतो.

दुसऱ्या दिवशी तबकातली घंटा मामांनी उचलली. ते पुढे नाही, मागे दारापाशी उभे राहिले, सगळे दिसतील असे. घाई केली नाही. देशपांडेकाकूंना गुडघ्यामुळे उभं राहायला वेळ लागतो, त्या उभ्या राहीपर्यंत थांबले. कोपऱ्यात टाळ घेऊन बावरलेल्या पोराकडे बघून मान हलवली. पोराने टाळ सरसावले. मग टण्, टण्. दोनदाच.

आणि पन्नास माणसांनी एकदम तोंड उघडलं. कडवं सरलं तेव्हाही एकदम सरलं. जिथे लय पळू लागायची तिथे एक टण् पडायचा आणि सगळे जागच्या जागी यायचे. मी मुद्दाम पाहिलं, मामा स्वतः आरती म्हणत नव्हते. ओठसुद्धा हलत नव्हते.

आरती संपली, नेहमीप्रमाणे सगळे तबकाभोवती दाटले आणि दारात कोंडी झाली. मागून मामांचा आवाज आला, खणखणीत, घाटमाथ्यावरचा:

"चला, पुढं सरका. आत लई जागा हाय."